बांगड्याच्या पोटातली जमीन

रामनगरात एकदा बातमी उठली की म्हाबळू मेस्त्री जहाज बांधालाय.

सलूनच्या खुर्चीत उठली तेव्हा ती नुसत्या जहाजाची होती. बसस्टँडवर पोचेपर्यंत जहाजाला शीड लागलं. तिथून ती बेळगावच्या गाडीत चढली आणि खानापूर येईतो म्हाबळू मेस्त्री आई, बायको आणि शेळीसकट दुबईला निघालेला होता.

"जोयड्याच्या तालुका कचेरीतनं परवानगी सुदिक आलीया म्हणं," कंडक्टर म्हणाला. कंडक्टरच बोलला म्हटल्यावर बातमीला तिकीट फाडून मिळाल्यासारखंच झालं.

"पर रामनगरात समुद्र कुठाय गा?" मागच्या सीटवरच्यानं विचारलं.

"म्हणून तर हितं बांधालाय! समुद्राकडंला बांधलं असतं तर धा लोकांनी बघितलं असतं न्हवं?"

मागच्या सीटवरच्याला ते पटलं.

खरी गोष्ट अशी, की जहाज नव्हतंच. जमीन होती. एका जुन्या शिडाच्या बोटीच्या केबिनची लाकडी जमीन कुजली होती, ती नवी करायचं काम म्हाबळूमामांकडं आलं होतं. केबिन तरी केवढी? दोघं आडवे झाले तर तिसऱ्यानं उभ्यानं चहा प्यावा, एवढी. शेळी आणि दुबई लोकांनी पदरची घातली. आमचं घर मामांच्या घराला लागून आहे. मामांच्या रंध्याचा आवाज भिंतीतनं येतो, तुळजामामीचा तर भिंत नसल्यासारखाच येतो, म्हणून हे छातीठोक सांगते.

म्हाबळेश्वर मेस्त्री म्हणजे दारांचा माणूस. रामनगरपासून लोंढ्यापर्यंत एखादं दार पावसाळ्यात फुगलं नाही आणि उन्हाळ्यात कुरकुरलं नाही, तर ते मामांच्या हातचं समजावं. पन्नाशी ओलांडली, पोट पुढं आलं, पेन्सिल मात्र कानामागं तरुणपणी खोचली ती तिथंच आहे. कुठलीही गोष्ट त्यांच्यासमोर ठेवा, मामा आधी डावी भुवई वर घेतात, मग पेन्सिल काढतात, तिच्या टोकाकडं बघतात आणि म्हणतात, "प्रश्न असा हाय." पुढं इतका वेळ थांबतात, की उत्तर पेन्सिलच देणार असं वाटावं. इडलीच्या पातेल्याला खालून भोकं का, रेल्वेच्या खिडकीला आडव्या सळ्या का, मांजर उतरताना डोकं खाली का करत नाही, सगळं त्यांना विचारायचं असतं. एकदा कॅसलरॉकला गाडी थांबली असताना इंजिनाखाली वाकून बघायला गेले आणि गाडी मामांना तिथंच ठेवून गेली. तुळजामामी गाडीत होती. तिचा आवाज म्हणे पुढच्या स्टेशनापर्यंत ऐकू येत होता.

मामांचा विश्वास दोन वस्तूंवर. कोपऱ्याचा काटकोन तपासायला गुण्या आणि सपाटीसाठी पाणसळ. पाणसळ म्हणजे ती पट्टी, जिच्या काचेच्या नळीत थेंबभर पाणी आणि एक बुडबुडा असतो. बुडबुडा मधोमध आला की काम सपाट. पण त्यावरही त्यांची शेवटची परीक्षा वेगळीच. उंबरा बसवून झाला की ते खिशातनं सुपारी काढतात. वडिलांच्या वेळेपासूनची ती सुपारी घासून घासून गोटीसारखी गुळगुळीत झाली आहे. ती उंबऱ्यावर ठेवायची आणि हात काढायचा. थांबली तर घरच्यांनी दाराला हळदकुंकू लावावं. घरंगळली तर उंबरा उपटायचा, मग मालक दारात मुहूर्ताचा नारळ घेऊन उभा का असेना.

अशा माणसाच्या दुकानापुढं एक दिवस गोव्याची गाडी थांबली. टपावर दोरीनं बांधलेल्या काळ्या, भुसभुशीत फळ्या होत्या. गाडीतनं उतरला तो आग्नेलबाब. जन्मभर मोठ्या जहाजांच्या इंजिनांना तेल घालून आता घरी बसलेला, म्हणजे घरी बसवत नसलेला गृहस्थ. त्यानं एक म्हातारी शिडाची बोट विकत घेतली होती. पावसानं तिच्या केबिनची जमीन खाल्ली होती.

"मेस्ता, हें तुका जमतलें मरे?" त्यानं विचारलं.

मामांनी एक फळी उचलून गुण्या लावला. कोपरा बसेना. दुसरी घेतली, तिचाही बसेना. तिसरीला तर गुण्या कुठं लावावा हेच कळेना. तिची कडा उभी नव्हती, आत कलती कापलेली होती.

"आग्नेलबाब, ह्या कुणी कापल्या गा? एक कोपरा धड न्हाई."

"बोटीक काटकोन नासता रे. बांगड्याक आसता?"

"बांगडा कुठनं आला मधीच?"

"म्हज्या बोटीचें नांव तें. बांगडो."

मामा या उत्तरावर असे खूश झाले की त्यांनी आग्नेलबाबला आत बोलावून खुर्ची दिली. नंतर चार दिवस चहाच्या टपरीवर येईल त्याला ते विचारत होते, "बांगड्याला काटकोन असतोय काय? न्हाई न्हवं? मग!" ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. जहाजाची बातमी अर्धी त्या टपरीवर शिजली.

"प्रश्न असा हाय," मामांनी पेन्सिल काढली. "हरेक फळीला बोटाएवढं भोक कशाला?"

"बोट घालून वयर काडपाक. सकयल उदक सांठता, तें उपसूंक पडटा."

"जमिनीखाली पाणी साठतंय?"

"थोडें भितर येताच. जास्त आयलें जाल्यार आमी भायर!" आग्नेलबाब पोट हलवून हसला.

"म्हंजे खिळा मारायचा न्हाई."

"ना ना! एकूय खिळो ना."

मामांनी भोकातनं पलीकडं बघितलं. भोकात आग्नेलबाबचा एक डोळा दिसला. "उघडायची, मिटायची, खिळा न्हाई," ते म्हणाले. "ही जमीन न्हवं. ही दारंच हायत, आडवी. दारं मी करतोय."

काम घेतलं, आणि मग लाकडाचा विषय निघाला. बोटीला जुनं सागवान पाहिजे. नवं लाकूड ओल धरतं, फुगतं, अडकून बसतं. आमच्या चहूबाजूंना सागाचं रान उभं आहे, पण उभ्या सागाला हात लावायची सोय नाही. तो सरकारचा. पडका साग कुठं मिळतो का बघत मामा तालुकाभर फिरले. शेवटी घरी येऊन जेवायला बसले आणि जेवता जेवता त्यांचं लक्ष आईच्या अंथरुणाकडं गेलं.

रुक्माआजीचं अंथरूण जमिनीवर नाही, फळ्यांच्या थरावर असतं. सुप्याच्या धरणात त्यांचं जुनं गाव गेलं तेव्हा आजोबांनी घराच्या माळ्याच्या फळ्या उतरवून बैलगाडीनं वर आणल्या होत्या. नव्या पत्र्याच्या घराला माळा नव्हता. मग फळ्या एकावर एक रचल्या, आजीनं वर घोंगडं टाकलं, आणि त्याला आता इतकी वर्षं झाली की ते बिछान्याखालचं लाकूड आहे हे घरातही कुणाच्या ध्यानात नव्हतं. मुलगा सुतार, पण त्या थरातली कपची काढायची त्याची टाप नव्हती. घराचं लाकूड घरालाच लागावं, विकू नये, जाळू नये, गोठ्याला तर नाहीच नाही, ही आजीची रीत.

"आई," मामा म्हणाले.

"न्हाई," आजी म्हणाली.

"आजून मी बोललो सुदिक न्हाई!"

"माझ्या बुडाखाली बघालास मगापासनं. न्हाई म्हंजे न्हाई. माझ्या घराचं लाकूड होडीला न्हाई."

तुळजामामीनं भाताचा डाव हातात धरूनच भर घातली. "बघा की आत्ती! आता आईला खाली निजवून बोटीला गादी घालणार हे. उद्या माझा पोळपाट बी न्हेतील शिडाला."

मामांनी भुवई वर घेतली नाही. नुसती पेन्सिल फिरवत बसले, आणि थोड्या वेळानं आजीनंच विचारलं, "त्या बोटीत माणूस निजतोय काय रे?"

"दोघं निजतात."

"चूल हाय?"

"हाय. गॅसची. पर ऐक, झुलती चूल हाय. बोट कलली तरी चूल सरळ ऱ्हातीया, पातेलं सांडत न्हाई."

आजी उठून बसली. "झुलती चूल? पाळण्यासारखी?"

"पाळण्यासारखी."

"आनि देव?"

"त्यांच्या सायबिणीचा, मेरीमातेचा फोटो लावलाय."

आजीनं पदरानं तोंड पुसलं. चूल, झोपायची जागा, देव. तिच्या हिशोबात आणखी काही लागत नव्हतं. "मग ते घरच हाय की. ने जा." आणि लगेच बोट रोखून, "पर आयकून ठेव. आमच्या माळ्यावर तांदूळ सांडला तर सांडला तितंच बसायचा. तुझ्या बानं बसवला हुता तो. ह्या फळ्या वाकड्या बसवल्यास तर माझ्याकडं तोंड घेऊन येऊ नको. परत कापायला दुसऱ्या न्हाईत."

हीच मामांच्या जिवाला लागलेली गोष्ट. फळ्या लागणार तेवढ्याच होत्या. एक चुकली की संपलं, आणि आई खाली निजलेली असणार ती उगाचच.

म्हणून मामांनी आयुष्यात पहिल्यांदा गुण्या खुंटीला टांगला आणि वाकड्याची वाकडी नक्कल करायला घेतली. अंगणात खडूनं भलाथोरला मासा काढला, बोट वरनं कापली तर दिसेल तसा, आणि कुजक्या फळ्या जागच्या जागी मांडल्या. गल्ली बघायला लोटली. जहाजाची उरलेली अर्धी बातमी शिजली ती या माशावर. मामा एकेक फळी सागवानावर ठेवून पेन्सिलीची रेघ मारत, मग कलती कडा बोटानं चाचपत. कापायच्या आधी करवत तीनदा ठेवायचे, तीनदा उचलायचे. "माझ्या लग्नाला सुदिक इतका इचार केला न्हवता ह्यांनी," मामी कुंपणावरनं सांगायची. फळ्यांखाली घालायच्या आडव्या तुळ्या त्यांनी फणसाच्या कापल्या आणि त्यांना काजूच्या टरफलांचं काळं तेल चोळलं. फणस घरचा होता, त्याची फिकीर नव्हती.

पावसाळा ओसरला तसे मामा फळ्या घेऊन अनमोड घाट उतरले.

गोवा त्यांना नवीन नव्हता. फोंड्यात, मडगावात त्यांची दारं आहेत. पण बोट जवळनं बघितलेली नव्हती. नदीकाठच्या आवारात बांगडो लाकडी टेकूंवर उभी होती, आणि मामा आधी तिच्याभोवती फिरले, मग वाकून खालून फिरले, मग बोटीनं पोट टेकूंवर टाकल्यासारखं वाटतं म्हणून तिला थापटून आले. बोटीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, जरा उचलून ठेवलेलं होतं, पावसाचं पाणी मागं वाहून जावं म्हणून. आत शिरले तर बोटीची कूस, म्हणजे आतली बाजू, खाली दोन्हीकडनं वाटीसारखी निमुळती. जुन्या तुळ्या आग्नेलबाबनं कधीच काढून टाकल्या होत्या, आतून घासून सगळीकडं पांढरा रंगही दिला होता. तुळ्या कुठं होत्या याची खूण राहिली नव्हती.

"काय अडचण न्हाई," मामा म्हणाले. "सपाटी मी काढतो."

त्यांनी पाणसळ काढली. फणसाच्या तुळ्या एकेक करून बसवल्या, खाली-वर केल्या, बुडबुडा मधोमध आणला. मग एक फळी वर टाकून खिशातली सुपारी ठेवली. सुपारी देवळातल्या कासवासारखी जागच्या जागी बसली. आग्नेलबाबनं टाळी वाजवली. मामांनी घरी फोन करून आईला सांगितलं, "तांदूळ सांडला तर सांडला तितंच बसतोय बघ."

आणि मग फळ्या बसेनात.

नाकाकडच्या फळ्या कुशीत अडकायच्या, खाली जाईनात. मागच्या बाजूच्या उलट सैल, कडेला बोट जाईल एवढी फट. मामांनी परत ताडून बघितलं. जुनी फळी आणि नवी फळी एकावर एक ठेवली तर केसाचा फरक नाही. मग?

"बोटच वाकडी झालीया," त्यांनी निकाल दिला. "म्हातारपणात पाठ वाकती तशी."

"जाता आसत," आग्नेलबाब म्हणाला. "मातशी तास रे पुडली. कितें जाता?"

थोडी तासायची, एवढंच. मामांनी रंधा घेतला, नाकाकडची फळी मांडीवर आडवी धरली. रंध्याचं पातं कडेला टेकलं. सागवानाचा जुना तुपासारखा वास आला. या फळीवर त्यांचे वडील चिंच वाळत घालायचे, तिचा डाग अजून होता. एकदा तासली की तासली. चूक निघाली तर आईच्या अंथरुणाखालनं दुसरी फळी येणार नव्हती.

मामांनी रंधा खाली ठेवला. "प्रश्न असा हाय," ते म्हणाले, आणि फळी मांडीवरनं उतरवली. मग म्हणाले, "चहा घेऊ या."

चहा घेऊन ते आवाराच्या बांधावर बसले. समोर बांगडो, तिच्यामागं आवाराची चिऱ्यांची भिंत. रिकाम्या हाताला आणि रिकाम्या डोक्याला काही तरी लागतं, म्हणून मामा बोटीचा रंग बघत होते. खाली तांबडा, वर पांढरा. दोन्हींच्या मधली रेघ मात्र मागच्या चिऱ्यांच्या थरांशी जुळत नव्हती. नाकाकडं चढत गेली होती.

"आग्नेलबाब, रंगारी पिऊन आला हुता काय? रेघ बघा कशी मारलीया, तिरपागडी."

"ती रंगाऱ्यान मारूंक ना रे. ती उदकान मारली. बोट उदकांत रावली की उदक थंयसर पावता. रंगारी फकत तिच्या वयल्यान गेलो."

मामांचा चहा हातात राहिला.

"पाण्यात असताना ही रेघ सपाट असतीया?"

"उदक आनी कशें आसतलें?"

"बोंबला!" मामा उठले ते ग्लास घेऊनच उठले. "मी पाणसळीतल्या थेंबाला इचारत बसलो, आनि नदीला इचारलंच न्हाई! जमीन जिमिनीवर सपाट करून काय करू गा? हिला ऱ्हायाचं हाय पाण्यात!"

आग्नेलबाबनं बोटीकडं बघितलं, टेकूंकडं बघितलं, उचललेल्या नाकाकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आनी हांव टाळयो मारतां!" जन्म समुद्रावर काढलेला माणूस आणि जन्म उंबऱ्यांवर काढलेला माणूस, दोघं एकमेकांना 'तू कसा रे मूर्ख' म्हणत इतके हसले की चहावाली ग्लास न्यायला आली ती थांबून राहिली.

बोट नव्हती वाकडी झाली. टेकूंवर नाक वर होतं, म्हणून पाणसळीच्या सपाटीनं मामांनी तुळ्या नाकाकडं खाली बसवल्या होत्या, जिथं कूस अरुंद, म्हणून पुढच्या फळ्या अडकत होत्या. मागं उंच झाल्या होत्या, जिथं कूस रुंद, म्हणून तिथं फट. फळ्या पहिल्यापासून बरोबरच होत्या.

मग मामांनी पाणसळीला खोटं बोलायला शिकवलं. रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाहेरनं सुतळी ताणली आणि पाणसळ तिच्या जोडीनं धरली. बुडबुडा नाकाकडं पळाला. मागच्या टोकाखाली फणसाची एक ढलपी सरकवत सरकवत त्यांनी बुडबुडा मधोमध आणला आणि ढलपी चिकटपट्टीनं तिथंच बांधून टाकली. आता ही पाणसळ जेव्हा 'सपाट' म्हणेल तेव्हा जागा नदीच्या रेघेत असेल. त्या लंगड्या पाणसळीनं सगळ्या तुळ्या परत बसवल्या. दोन वाया गेल्या. फणसाच्या होत्या, गेल्या तर गेल्या.

फळ्या टाकल्या. एकेक अशी बसली, की भोकात बोट घातल्याशिवाय निघेना. रंधा पिशवीतच राहिला.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी मामांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. आजी, मामी आणि शेजारधर्म म्हणून मी. आजी शिडीवरनं बोटीत चढली तेव्हा खाली आग्नेलबाबनं, त्याच्या माणसांनी आणि चहावालीनं एकदम श्वास रोखला. आत जाऊन तिनं पहिल्यांदा चुलीला धक्का दिला. चूल झुलली. "अय्यो!" आजी म्हणाली, आणि परत धक्का दिला. मग ती वाकली आणि फळ्यांवरनं हात फिरवत गेली, चिंचेचा डाग सापडेपर्यंत. तिथं थांबली.

"सुपारी काढ," तिनं हुकूम सोडला.

"आत्ता नको आई. पाण्यात गेल्यावर."

"काढ म्हणते न्हवं!"

मामांनी सुपारी काढून ठेवली. बोट अजून टेकूंवर, नाक वर. सुपारी थांबते कुठली! मामांच्या चपलांना वळसा घालून ती मागं गेली ती मागच्या फळीला टकरली. आजीनं लेकाकडं असं बघितलं, की मामांची पेन्सिल आपोआप कानामागनं हातात आली.

"बघा," मामी म्हणाली. "आईचं अंथरूण उतरणीला लावलं."

"पाण्यात गेली की बसल सरळ."

"मग माझ्या पोळ्या बी पाण्यात टाकून बघते, गोल हुतील."

मला काही राहवलं नाही. मी मामांची भुवई केली, मामांची पेन्सिल केली, आणि मामांच्याच आवाजात म्हटलं, "प्रश्न असा हाय, की सुपारीला कसं कळणार गा, पाणी कुठं हाय ते?"

आग्नेलबाब हसून खाली बसला. मामा हसले नाहीत. "पैज लावतीस काय गे?"

"लावते की. पाण्यात बी घरंगळणार."

"घरंगळली तर तुळशीच्या लग्नात आमच्या अंगणात, सगळ्या गल्लीसमोर माझी नक्कल कर. मी पुढं बसून टाळ्या वाजवतो. थांबली तर महिनाभर माझा आवाज तुझ्या तोंडात दिसता कामा नये."

"लागली!"

भरती आली. टेकू काढले, बोट हळूहळू मागं सरकत नदीत उतरली आणि एकदम हलकी झाली. मामांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. आयुष्यात इतक्या चौकटी बसवल्या, अशी घट्ट धरलेली ती पहिलीच असेल. आम्ही बाकीचे मागच्या उघड्या बाकांवर बसलो होतो. आग्नेलबाब, त्याची दोन माणसं, मामी, आजी आणि मी.

"ठेवा सुपारी!" मी ओरडले.

मामांनी आत वाकून ती चिंचेच्या डागावर ठेवली, आणि हात काढायच्या आधी एकदा आजीकडं बघितलं. मग काढला.

सुपारी क्षणभर विचार केल्यासारखी थांबली. मग हलली, आणि मागं निघाली. सावकाश, पण नक्की मागं. टक.

"हरलात!" मी बाकावरच नाचायला लागले. बोट डुगडुगली, सुपारीनं आणखी दोनदा टकटक केलं.

मामा गुडघ्यावर बसून सुपारीकडं बघत होते. त्यांचं तोंड पडलेलं मला पाठीवरनंच कळत होतं. मग त्यांनी मान वर केली. बोटीच्या पुढच्या टोकाकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं. मागं बघितलं, तिथं आम्ही सहाजण दाटीवाटीनं. डावी भुवई हळूच वर गेली.

"प्रश्न असा हाय," मामा म्हणाले, "ही सगळी वजनदार मंडळी मागं कशाला बसलीयात?"

"अरे देवा!" आग्नेलबाब ओरडला. "मुखार वच! सगळे मुखार वचात!"

पण मामांनी सगळ्यांना पुढं नाही हलवलं. आजीला केबिनमध्ये मधोमध बसवलं, झुलत्या चुलीजवळ. आग्नेलबाबची माणसं छपरावरनं पुढं गेली. मामी आत आली. सुपारी हलायला लागली. पुढं आली, चिंचेच्या डागाच्या अलीकडं थांबली आणि परत मागं सरकायच्या बेतात राहिली.

मामांनी बोट माझ्याकडं केलं. "तू बी जा गे. नाकावर बस."

"माझं काय वजन हाय?"

"पैजेएवढं हाय. जा."

मी दोरी धरून पुढं गेले, पाय पाण्यावर सोडून नाकावर बसले. तिथनं आतलं काही दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. चुलीचं कुरकुर, नदीचं चुबुक, आणि सुपारीचा आवाज नव्हताच. मग आजीचा आवाज आला, "ऱ्हायली रे म्हाबळ्या. तुझ्या बाच्या माळ्यासारखी ऱ्हायली. तुळजा, जरा तांदूळ दे बघू."

"तांदूळ कशाला आनू बोटीत, आत्ती?"

"मग साखर दे. कायतरी सांडून बघू या!"

मी तिथंच पालथी होऊन पुढच्या खिडकीतनं आत डोकावले. लाट आली की सुपारी एवढीशी डुलायची आणि परत डागावर यायची. मामांनी ती उचलली, पुसली, खिशात टाकली. मग माझ्याकडं वळले. डावी भुवई वर, पेन्सिल हातात, टोकाकडं नजर. "प्रश्न असा हाय," ते म्हणाले आणि थांबले. मुद्दाम थांबले. माझ्या जिभेवर पुढचं सगळं तयार होतं, आणि महिनाभर मला ते गिळायचं होतं.

मामांचा आवाज तोंडानं काढायचा नाही, एवढंच ठरलं होतं. लिहायचं नाही, असं पैजेत कुणी बोललं नव्हतं.